कुडापलीकडे गेलेली चूल

आमच्या घराचं छप्पर एक होतं, चुली दोन होत्या आणि मधे एक कूड होता. पेणहून खाली धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलं की भाताची शेतं संपून मिठागरं सुरू होतात, तिथे आमचं गाव. घर आजोबांनी बांधलेलं. खांब, तुळया, वासे सगळे सागाचे, वर कौलं, आणि खांबांच्या मधल्या जागा कुडाने बुजवलेल्या. आजोबा गेल्यावर घर दोन भावांत वाटलं गेलं. वाटणी म्हणजे काय, तर ओटीपासून थेट मागच्या दारापर्यंत घराच्या पोटातून एक कूड उभा राहिला. पलीकडे माझे थोरले काका, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांची बायको, म्हणजे माझी काकी, आणि त्यांचा मुलगा मोहन. अलीकडे माझे आईवडील आणि मी. वडील मिठागरावर कामाला होते. अंगाने दणकट आणि बोलण्यात अगदीच लेचेपेचे. थोरल्या भावासमोर तर त्यांचा आवाज घशाबाहेरच पडत नसे.

कूड ही वस्तू आता सांगावी लागते. डोंगरातून कारवीच्या काठ्या आणायच्या, जमिनीत मेढी ठोकून त्यांच्या आधाराने त्या दाटीवाटीने उभ्या करायच्या, बांबूच्या चिरलेल्या कांबी आडव्या धरून काथ्याने आवळून बांधायच्या, आणि मग दोन्ही अंगांनी माती लिंपायची. माती नुसती चालत नाही. तिच्यात शेण, भाताचा तूस आणि बारीक चिरलेला पेंढा घालून पायांनी तुडवायची, रात्रभर मुरू द्यायची. पेंढा मातीला धरून ठेवतो, नाहीतर भिंत वाळताना तडकते. आमच्याकडची माती खारी. ती भिंतीला लावली तर पावसाळ्यात भिंतीला घाम फुटतो आणि खपल्या निघतात. म्हणून आम्ही गोडी माती वरच्या गावांतून आणत असू. मी पायाने माती तुडवायची आणि आई ओंजळीने उचलून कुडावर थापायची. तिच्या बोटांच्या खुणा वाळलेल्या भिंतीवर नीट दिसत. परवा माझ्या नातीने मोबाईलवर एक फोटो दाखवला. निडीच्या बाजूला कुणीतरी शहरातल्या लोकांसाठी राहायच्या खोल्या बांधल्यात, त्यांना कुडाच्या भिंती आहेत. ‘आजी, किती गोड आहे ना?’ ती म्हणाली. मी म्हटलं, गोड आहे खरी, पण त्या भिंतीपलीकडे कोण राहतं ते आधी विचार.

कारण कुडातून सगळं ऐकू येतं. तात्यांचं पहाटेचं खाकरणं, काकीच्या बांगड्या, मोहन मोठ्याने पाढे म्हणायचा ते, त्यांच्याकडे सुकट भाजली की तव्यावर उठणारा तडतडाट. वास तर भिंत मानतच नाही. आमच्याकडे वालाचं बिरडं शिजलं की काकी पलीकडून विचारी, ‘नारळ घातलास काय गो आज?’ आणि आई हसून इकडून वाटी देई. कुडाला खालच्या बाजूला एक भगदाड होतं. मोहन आणि मी त्यातून चिंचा, शेंगा आणि एकदा तर जिवंत चिंबोरी एकमेकांकडे सरकवली होती. मी दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं की घर म्हणजे असंच असतं, मधे एक भिंत आणि दोन्हीकडे आपलीच माणसं.

दमट जमिनीमुळे कुडाचा पायथा दरवर्षी कुजायचा. पाऊस सरला की तो नवा करावा लागे. तात्यांनी ते काम आपणहून अंगावर घेतलं होतं. ‘तू मिठागराचे बांध बघ, घराचं मी बघतो,’ ते वडिलांना म्हणत. वडिलांना त्यात भावाची माया दिसे. खरी गोष्ट आईच्या लक्षात आली, तीही तिच्या कोपरामुळे. आमच्या मागच्या खोलीत, चुलीजवळ, जमिनीत पुरलेलं एक दगडी व्हाईन, म्हणजे उखळ, होतं. आई त्यात तांदूळ सडायची. पूर्वी ती दोन्ही पाय पसरून आरामात बसे. मग पाय आखडून बसू लागली. मग एका वर्षी मुसळ वर उचललं की तिचं कोपर कुडाला लागू लागलं. तिने मुसळ खाली ठेवलं आणि बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिली. ‘ही चालायला लागली काय?’ ती म्हणाली. दरवर्षी पायथा नवा करताना तात्या मेढी जराशा आमच्या अंगाला ठोकत होते. इतक्या जराशा की बोललं तर बोलणाराच हलका दिसावा.

आईने वडिलांना सांगितलं. वडील जेवत होते. ‘असूं दे,’ ते म्हणाले. ‘भाऊ हाय. एवढ्याशा जागेसाठी तोंड वाजवायचं?’

‘जागा एवढीशी असली तरी ती माझ्या कोपराची हाय,’ आई म्हणाली. पण वडिलांनी भाकरी मोडली आणि विषय तिथेच मोडला.

मी त्या दिवसापासून तात्यांचा द्वेष करायला शिकले. शिकले म्हणजे अभ्यास करावा तसा. ते ओटीवर बसून तंबाखू मळत असले की मी त्यांचे हात बघत बसे. याच हातांनी मेढ ठोकली. ते मला ‘ये गो हिरे’ म्हणून हाक मारत आणि मी गोड चेहरा करून जात असे. म्हातारपणी माणसं म्हणतात की लहानपण निर्मळ असतं. माझं नव्हतं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

मग माझे आजोबा, आईचे वडील, गेले. आईचं माहेर निडीकडे, डोंगराच्या कुशीत. आमच्या कुडाची कारवी तिथूनच यायची. आजोबा स्वतः तोडून, वाळवून, मोळ्या बांधून बैलगाडीने पाठवायचे, लेकीच्या घराच्या भिंती धड राहाव्यात म्हणून. त्या वर्षीची कारवी त्यांनी आजारी पडण्याआधी पाठवली होती. आमच्या बाहेरच्या भिंतीसाठी ती माळ्यावर ठेवली होती. आजोबा गेल्याची बातमी आली तशी आम्ही तिघंही घराला कडी घालून निडीला गेलो आणि बारावं उरकूनच परतलो. आईचे डोळे रडून रडून सुजले होते. 

घरात शिरल्यावर आधी ओल्या मातीचा वास आला. ओटी तशीच होती. मधली खोली तशीच होती. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि आई थांबली. मागची खोली उरलीच नव्हती. मधल्या खोलीच्या टोकाशी कूड सरळ न जाता आमच्या अंगाला वळला होता आणि बाहेरच्या भिंतीला जवळजवळ जाऊन भिडला होता. एक माणूस आडवा होऊन मागच्या दाराकडे जाईल एवढा बोळ राहिला होता. व्हाईन नव्हतं. चूल नव्हती. दोन्ही कुडापलीकडे गेली होती. नव्या मातीवर गडीमाणसांच्या मोठाल्या हातांच्या खुणा होत्या आणि लिंपण जिथे अजून पातळ होतं तिथून नवीकोरी कारवी दिसत होती. माळा रिकामा होता. बापाने मरणाआधी पाठवलेल्या कारवीने तिच्या चुलीला कुंपण घातलं होतं.

वडील ओटीवर गेले. तात्या तिथेच बसलेले. मी दारामागे उभी राहून ऐकलं, एकेक शब्द ऐकला.

‘दादा, विचारायचं तरी.’

‘विचारून काय? तू नाय म्हणणार होतास?’ तात्या म्हणाले. ‘अष्टमी गावची माणसं येणार हायत मोहनचं घर बघायला. मोठी माणसं. त्यांच्या पोरीला काय कोनाड्यात रांधायला लावू? तुम्ही तिघंच. अंगणात मांडा चूल. पाऊस अजून लांब हाय.’

वडील काहीतरी पुटपुटले. तात्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. वडील आत आले आणि आईकडे न बघता सदरा काढून खुंटीला लावू लागले. खुंटीही पलीकडे गेलेली होती. हातात सदरा धरून ते तसेच उभे राहिले. आईने तो त्यांच्या हातातून घेतला आणि घडी करून ठेवला. त्या घटकेला मला तात्यांपेक्षा वडिलांचाच जास्त राग आला होता हे मी इथे लिहून ठेवते. तो राग फार टिकला नाही. का टिकला नाही ते पुढे येईलच.

आईने अंगणात तीन दगड मांडले. खाडीवरून वारा यायचा आणि जाळ आडवा व्हायचा. भाकरीवर राख बसे, कालवणात वाळू येई, धुराने आईच्या आधीच सुजलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत राही. येणारीजाणारी माणसं बघत, विचारत, ‘काय गो जानके, बाहेर रांधतेस?’ आई मान वर करून सांगे, ‘व्हय. आत जागा नाय.’ कुणाचं नाव घेत नसे. गाव काय समजायचं ते समजत होतं. तात्यांना कुणी काही बोललं नाही, कारण पाण्याच्या पाळीपासून देवळाच्या पालखीपर्यंत त्यांचा शब्द चाले.

काकीने मात्र एक गोष्ट केली. ती आमची चूल पेटवेना. मला ते कुडातून कळायचं. तिच्या फुंकणीचा आवाज पूर्वीच्याच जागेवरून, तिच्या स्वतःच्या चुलीकडून येई. एकदा दुपारी ती भिंतीला तोंड लावून हळूच म्हणाली, ‘जानके, मी नाय गो सांगितलं त्यांना. मी आडवी पडले होते दारात.’ आई भिंतीला पाठ लावून बसली होती. ओल्या मातीला तिची पाठ चिकटली होती आणि उठली तेव्हा लुगड्यावर मातीचा मोठा डाग होता. तो तिने कितीतरी दिवस धुतला नाही.

मला बेत सुचत होते. कुडाच्या मुळाशी खाडीचं पाणी ओतावं, म्हणजे तो कधी वाळायचाच नाही. रात्री उठून सगळी दोरी कापावी. तात्यांच्या पाण्याच्या मडक्यात मूठभर मीठ टाकावं. मी ते सगळे आईला सांगितले. भाकरी थापता थापता तिने ऐकून घेतलं. ‘रात्रीचं नाय,’ ती म्हणाली. ‘चोरून तर नायच नाय. चोरून त्यांनी केलं. आपण दिवसाउजेडी करू.’

‘कधी?’

‘पाव्हणे येतील तेव्हा.’

त्यानंतर ती रोज त्या कुडावरून हात फिरवू लागली. माती वाळत आली की आतल्या गाठी वर उमटतात. माझा हात धरून तिने मला त्या दाखवल्या. ही इथे एक, ही मेढीजवळ, ही वर वाशापाशी. ‘पुरता वाळला की फोडावा लागेल,’ ती म्हणे. ‘मला फोडायचा नाय. माझ्या बाची कारवी हाय ती. अख्खा खाली घ्यायचा.’ अंगणातल्या दगडावर तिने विळ्याला धार लावली, सगळ्यांच्या देखत. तात्या ओटीवरून म्हणाले, ‘गवताला चालली काय?’ आई म्हणाली, ‘व्हय.’ मला हसू फुटलं आणि ते लपवायला मी विहिरीकडे पळाले.

अष्टमीची माणसं टेम्पो करून आली. तात्यांनी नवं धोतर नेसलं होतं. मोहनला पँट-शर्ट घालून खांबाशी उभा केला होता. तो बिचारा कुठे बघावं हे न कळून छपराकडे बघत होता. पुरुष ओटीवर बसले, पानाचं तबक फिरलं. मुलीची एक आत्या होती, वयस्कर, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, चालताना गुडघ्यावर हात ठेवणारी. ती म्हणाली, ‘ओटी सगळ्यांचीच छान असते. मला रांधायची जागा दाखवा.’ तात्यांना हेच तर हवं होतं. ते स्वतः बायकांना घेऊन मागे गेले. आम्ही दोघी कुडाच्या अलीकडे, मधल्या खोलीच्या टोकाला, बोळाच्या तोंडाशी उभ्या होतो. आईच्या हातात विळा, माझ्या पायाखाली उलटी टोपली. वडील मागच्या दारात उंबऱ्यावर बसले होते. आम्ही काय करणार ते आईने त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

पलीकडून तात्यांचा आवाज आला. ‘हे इथून तिथपर्यंत सगळं स्वयंपाकघर. पोहे घ्या ना. आमच्या दळ्यातल्या भाताचे हायत. हे व्हाईन आमच्या वडिलांच्या वेळचं. पोरीला काय कमी पडायचं नाय.’

‘आणि ह्या भिंतीपलीकडे कोण?’ आत्याने विचारलं.

‘धाकटा भाऊ असतो माझा. म्हणजे मीच ठेवलाय त्याला. दुबळा हाय जरा. कुठं जाणार?’

मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली होती. त्यांचा चेहरा मी तोपर्यंत तसा कधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

आईने विळ्याचं टोक मातीत घुसवलं आणि पहिली गाठ ओढली. काथ्या तुटल्याचा आवाज बारीक असतो, खारी शेंग फोडल्यासारखा. दुसरी. तिसरी. मी टोपलीवर उभी राहून वरच्या गाठी कापत होते, माती माझ्या तोंडावर, केसांत पडत होती. पलीकडे बोलणं थांबलं. ‘उंदीर असतील,’ तात्या म्हणाले, आणि तेवढ्यात वाशापाशी कूड सुटला. त्याचं सगळं ओझं आमच्या अंगावर झुकलं. ओल्या मातीचं वजन किती असतं याचा आम्हाला अंदाजच नव्हता. आईचे पाय सरकले. मी ओरडले. तेव्हा उंबऱ्यावरून वडील उठले. मिठाच्या पाट्या वाहून घट्टे पडलेल्या आपल्या खांद्यावर त्यांनी कुडाचा माथा झेलला, पाय रोवले आणि म्हणाले, ‘सोड तू. मी घेतलाय.’ मग हळूहळू, जसं आजारी माणसाला अंथरुणावर निजवतात तसं, त्यांनी तो अख्खा कूड आमच्या बाजूला जमिनीवर आडवा केला.

आणि दोन्ही घरं एकमेकांसमोर उघडी पडली. पलीकडे हातात पोह्यांच्या बश्या घेतलेल्या बायका उभ्या होत्या. तात्यांचा हात अजून ‘इथून तिथपर्यंत’ दाखवण्यासाठी वर उचललेला होता. काकी आपल्या चुलीशी बसली होती आणि तिने पदर तोंडाला लावला होता. आणि मधे, टोपलीने झाकलेली, थंड, आमची चूल होती. आई बाहेर गेली. अंगणातल्या तीन दगडांतला विस्तव तिने खापरात घेतला आणि त्या आडव्या कुडावरून चालत पलीकडे गेली. तिच्या पावलांखाली माती कचाकच फुटत होती. तिने टोपली बाजूला केली, विस्तव चुलीत घातला, खाली बसून फुंकर मारली आणि जाळ धरल्यावर पाव्हण्यांकडे वळून म्हणाली, ‘बसा. चहा ठेवते.’

‘हे काय चाललंय?’ तात्या ओरडले. ‘ए, हिला बाहेर काढ!’ हे वडिलांना. वडील आडव्या कुडाच्या टोकाशी उभे होते, खांद्यावरून माती ओघळत होती. ते हलले नाहीत. पण बोलले, आणि त्यांचा आवाज कौलांना लागला. ‘दादा, मला तू ठेवला नाय. माझ्या बाने ठेवलाय. तुला ठेवलाय तसाच.’

ठेंगण्या आत्याने तात्यांकडे बघितलंसुद्धा नाही. ती काकीपाशी गेली. ‘बाय, तू सांग. ही चूल कोणाची?’

तात्या म्हणाले, ‘घरचीच हो, एकाच घरात—’

‘तुम्हाला नाय विचारलं,’ आत्या म्हणाली.

काकीने पदर खाली केला. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा न देता, पण स्पष्ट, म्हणाली, ‘तिची. माझी ही. ती निडीला बाप पोचवायला गेली होती तेव्हा ह्यांनी कूड सरकवला. मी तिच्या चुलीला अजून काडी लावली नाय.’

आत्याने हातातली बशी व्हाईनाच्या कडेवर ठेवली. पोहे तसेच होते. ‘बापाच्या मयताला गेलेल्या बाईची चूल जो उचलतो,’ ती म्हणाली, ‘त्याच्या घरून आमची पोर माहेराला तरी कशाच्या भरवशावर यायची?’ आणि गुडघ्यावर हात ठेवून चालू लागली. बायकांनी एकेक करून बश्या ठेवल्या. ओटीवरचे पुरुष काय झालं म्हणून उठले आणि त्यांना ते ओटीवरच सांगितलं गेलं, मोठ्याने, अंगणात जमलेल्या अर्ध्या गावासमोर. तात्या टेम्पोपर्यंत मागोमाग गेले. धोतराचा सोगा हातात धरून ते ‘अहो ऐका तरी, अहो ऐका तरी’ म्हणत होते. गाडी सुरू झाली, धूळ उडाली, आणि ते त्या धुळीत उभे राहिले. मी केसांतली माती न झटकता कुंपणापर्यंत जाऊन ते बघितलं. शेवटपर्यंत बघितलं. आयुष्यात पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, रोह्याला स्वतःचं घर झालं. पण त्या दुपारी पोटात जी ऊब उतरली तशी पुन्हा उतरली नाही. हे ऐकून कुणाला बरं वाटत नसेल तर नाइलाज आहे.

आईने चहा खरोखरच केला होता. तो आम्ही तिघांनी, काकीने आणि मोहनने प्यायला. मोहन म्हणाला, ‘काका, मेढी मी ठोकतो. जुनी जागा दाखवा.’ दुसऱ्या दिवशी त्याने आणि वडिलांनी मिळून तोच कूड उचलला, फुटलेली माती झाडली आणि वाटणीच्या वेळच्या रेषेवर पुन्हा उभा केला. पुढच्या वर्षी मोहनचं लग्न नागोठण्याकडच्या मुलीशी झालं आणि ती मुलगी आईला फार मानायची. तात्या मात्र आमच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. आईने त्यांना विसरूही दिलं नाही. रोज पहाटे चूल पेटवण्याआधी ती फुंकणी कुडावर ठोकायची, ठक ठक ठक, नेमकी तिथे जिथे पलीकडे तात्यांची उशी असे. ते बिछाना हलवीत, तर आई ठोकायची जागा हलवी. ‘कशाला गो?’ मी एकदा विचारलं. ‘जागा कुठली कोणाची ते त्यांना रोज कळायला नको?’ ती म्हणाली. ती गेली त्या महिन्यापर्यंत ती ठोकत होती.

तात्या आईवडील दोघांच्याही मागे खूप वर्षं जगले. शेवटी अर्धांगाने अंथरुणाला खिळले. जीभ जड झाली होती, पण कान शाबूत होते. मोहनने तोवर विटांच्या भिंती घातल्या होत्या आणि त्यांची खाट मागच्या खोलीत टाकली होती. मी रोह्याहून गाडीने महिन्यातून एकदा जात असे. लोक म्हणत, बघा, एवढं होऊनही पुतणी काकाला भेटायला येते. मी संत्री नेत असे. ती सोलून, बिया काढून एकेक फोड त्यांच्या तोंडात देत असे, आणि देता देता त्यांना ती दुपार सांगत असे. टेम्पो आला तिथून. धोतर, पोहे, व्हाईन, ‘मीच ठेवलाय’, पहिली गाठ, दुसरी गाठ. काही गाळत नसे. काकी दारात बसून तांदूळ निवडत ऐके आणि मी कुठे चुकले तर दुरुस्त करी, ‘तिने बशी आधी ठेवली गो, मग बोलली.’

एकदा मी कुडाचा माथा वडिलांच्या खांद्यावर आला तिथवर पोचले होते, तेव्हा तात्यांनी डोळे मिटून घेतले आणि त्या जड जिभेने मोठ्या कष्टाने म्हणाले, ‘हिरे, पुरं कर गो आता.’

मी त्यांच्या हनुवटीवरचा रस पदराने पुसला. ‘पुरं कुठं तात्या?’ मी म्हटलं. ‘अजून पाव्हणे उठायचे हायत.’ आणि मी पुन्हा टेम्पोपासून सुरुवात केली.